तांबड्या पोटाचा परीट

इंद्रायणी पाखरांचे फोटो काढायला शिकली ती लग्नाच्या कॅमेऱ्यावर. तिच्या नवऱ्याचं, गोरक्षनाथचं, वडीगोद्रीत हायवेच्या कडेला फोटोचं दुकान. आधारच्या झेरॉक्सा, पासपोर्ट साईझ, लग्नसराईत अल्बम. कॅमेऱ्याला एक लांब नळीची लेन्स होती, मांडवाच्या पार मागून नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपावं म्हणून घेतलेली. तिथी नसली की ती कपाटात निजून असायची. दोन हिवाळ्यांमागं इंद्रायणीनं ती उचलली, वाडीच्या पाझर तलावावर नेली, आणि बाभळीच्या वाळक्या फांदीवर बसलेला एक खंड्या तिच्या चौकटीत आला. निळा, असा निळा की लुगडं विणणाऱ्यानं येऊन रंग विचारावा. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

गोरक्षनाथनं कुरकूर केली नाही. एवढंच म्हणाला, की वरमायांपेक्षा पाखरं बरी, फोटो काढताना डोळे तरी मिटत न्हाईत.

वाडी वडीगोद्रीपासून आत सहा किलोमीटर. घरात माणसं तीन: हे दोघं आणि गोरक्षनाथची आई साळूबाई. इंद्रायणी सासूला आत्या म्हणायची. घराण्यात एके काळी मेंढरांचे मोठे कळप होते, आता कापूस आणि तूर. पण साळूबाईनं अडतीस मेंढरं राखली होती आणि रोज सकाळी ती स्वतःच हिंडवायची. लेक म्हणायचा, आई, आता बस कर. ती म्हणायची, मी बसले की तुम्ही मला पूजेतल्या सुपारीगत मांडून ठेवाल.

सकाळी दोघी बरोबरच निघायच्या. पुढं मेंढरं, त्यांच्यामागं साळूबाई, आणि तिच्यामागं गळ्यात कॅमेरा घातलेली सून. तलावाच्या वरच्या अंगाला गवताचं पडीक होतं. मेंढरं तिथं पांगली की त्यांच्या पायांनी गवतातले किडे उठायचे आणि किड्यांवर पाखरं यायची. कोतवाल, मैना, गायबगळे. थंडीची चाहूल लागली की परीट. पुस्तकात त्याला पांढरा धोबी म्हणतात, वाडीत परीटच. राखी पाठ, पांढरंशुभ्र पोट, छातीवर काळा बिल्ला, आणि सदा वरखाली हलणारी लांब शेपटी. आपल्यामागं कोणी उभं आहे की काय, असं सारखं विचारत चालल्यासारखा चालतो तो. साळूबाई त्याच्यावर हिंडता हिंडता ओवी जोडायची. घरातलं जातं गेलं, तेव्हा जात्यावरच्या ओव्या तिनं मेंढरांमागं आणल्या होत्या.

पाव्हणा आला बाई, आला थंडीच्या पावलानं
धुतलं अंग त्याचं, कोण्या देशीच्या मावलीनं

इंद्रायणीच्या कामाची एक रीत होती. फोटो काढायचा, आणि मग दुकानातल्या कम्प्युटरवर बसून तो कापायचा. कापायला ती नवऱ्याकडून शिकलेली, आणि नवरा सारा जन्म पासपोर्ट साईझ कापत आलेला. चेहरा मधोमध, मागं कोरं, बाकी काही नको. तिची सगळी पाखरं तशीच. खंड्या पासपोर्ट साईझ, टिटवी पासपोर्ट साईझ. गोरक्षनाथ म्हणायचा, ह्या फोटोंवर समद्यांना व्हिसा मिळंल.

कापण्याचं आणखी एक कारण होतं, ते ती कोणाला सांगत नसे. जिल्ह्यात पाखरं बघणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट होता, चाळीसेक माणसांचा. जालन्याचे राधेश्याम सर तो चालवायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. इंद्रायणीनं गटावर पहिल्यांदा टिटवी टाकली तेव्हा फोटोच्या कोपऱ्यात मेंढीचा एक कान आला होता. घनसावंगीच्या आदिनाथनं, तो तिकडं बँकेत कामाला, लगेच विचारलं की ताई, ही लांब कानाची प्रजात कोणती? त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. तीही हसली. पण त्यानंतर तिच्या एकाही फोटोत मेंढीचा केससुद्धा दिसला नाही. रानातलं पाखरू रानातलंच दिसलं पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं.

राधेश्याम सर त्या वर्षी जिल्ह्याची पक्षीसूची करत होते. एकेका पाखराचं नाव, आणि त्याच्यापुढं ते जिल्ह्यात पहिल्यांदा पुराव्यानिशी बघणाऱ्याचं नाव. इंद्रायणीनं दोन नोंदी पाठवल्या होत्या आणि दोन्ही परत आल्या. फोटो अस्पष्ट आहे, नोंद धरता येत नाही. सर गोड बोलून लिहायचे, पण नाही ते नाहीच. बारावीनंतर तिचं शिकणं राहिलं होतं. त्यानंतर छापील कागदावर तिचं नाव आलं ते लग्नपत्रिकेत आणि रेशनकार्डावर. सूची पंधरा नोव्हेंबरला बंद व्हायची होती. त्या सूचीत एका ओळीपुढं आपलं नाव असावं, एवढं एकच तिला त्या दिवसांत हवं होतं. मागितलं मात्र तिनं कोणाजवळ नाही.

दिवाळीला ती माहेरी गेली, जाफराबादकडं. पाडव्याच्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाली, भाऊबीज झाली, पाच दिवस राहिली. परत आल्यावर दुसऱ्या सकाळी उठायला जरा उशीर झाला. साळूबाई मेंढरं घेऊन पुढं गेलेली. इंद्रायणी मागून पडकावर पोचली तेव्हा ऊन कोवळं होतं आणि गवतावर दहिवर. ती नेहमीसारखी सूर्याकडं पाठ करून पोटावर आडवी झाली, कोपरं जमिनीत रुतवली, आणि लेन्समधून बघितलं.

एक पाखरू चालत होतं. चाल परटाची, शेपटी परटाची, छातीवरचा काळा बिल्लाही त्याचाच. पण पोट तांबडं. भाजलेल्या मडक्यासारखं तांबडं, बिल्ल्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत.

तिनं श्वास धरला. चाळीस फोटो काढून झाले तेव्हा तो सोडला.

दुकानात पाखरांचं पुस्तक उघडून ती तासभर बसली. तांबड्या पोटाचा थिरथिरा असतो, तोही थंडीतच येतो आणि शेपटीही हलवतो. पण थिरथिऱ्याचं तोंड आणि पाठ काळी, शेपटी तांबूस. इथं पाठ राखी, गाल पांढरे. थिरथिरा नव्हे. मग धोब्यांची पानं. पिवळ्या पोटाचा आहे, पांढऱ्या पोटाचा आहे, तांबड्या पोटाचा एकही नाही. तिनं पुस्तक मिटलं, परत उघडलं, जसं काही मधल्या काळात कोणी त्यात पान घातलं असेल. मग चाळिसातला चांगला फोटो निवडला, पाखरू मधोमध घेऊन बाकीचं कापलं आणि गटावर टाकला.

दोन तास फोटो तसाच पडून राहिला. मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं संकर, कोणी म्हणालं हिमालयापलीकडची पोटजात. आदिनाथनं लिहिलं, ताई, सलाम. आणि सगळ्यांत शेवटी राधेश्याम सर. थिरथिरा नाही हे तुम्ही बरोबर ओळखलं, असा धोबी मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, जागा कोणाला सांगू नका, रविवारी आम्ही येतोय.

ती रात्रीच्या भाकरी थापताना गात होती म्हणे. गोरक्षनाथ सांगतो, ती न्हाई म्हणते.

साळूबाईनं विचारलं होतं, कोणतं पाखरू गं सापडलं? मोबाईलवरचं तिला दिसायचं नाही, नुसती चमक दिसायची. इंद्रायणी घाईत होती. म्हणाली, तुम्हाला न्हाई माहीत आत्या, लई दुर्मिळ हाय. साळूबाई म्हणाली, आसंल बाई, आणि कोकरं बांधायला गेली.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला गोरक्षनाथ दुकानातून लवकर आला. अल्बमच्या पानाएवढा मोठा फोटो काढून आणला होता, उद्या पाव्हण्यांना दारातच दिसावा म्हणून. खिळा शोधेपर्यंत त्यानं तो आईच्या हातात दिला. साळूबाईनं फोटो हातभर लांब धरला, उन्हाकडं वळवला, जवळ घेतला, परत लांब धरला. मग तिला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग खांदे हलायला लागले, मग ती ओट्यावर बसलीच.

"इंदे," ती म्हणाली, "ह्यो तर आपला परीट."

"परीटच हाय आत्या. पण पोट बघा की."

"पोटच बघून राह्यले. माझा हुरमुंज हाय त्यो."

आणि मग तिनं सांगितलं. पाडव्याला मेंढरं धुऊन रंगवायची ही घरची चाल. प्रत्येक घराची खूण वेगळी. ह्यांची खूण म्हणजे पाठीवर वीतभर रुंद लाल हुरमुंजाचा पट्टा. दरसाल ती हुरमुंजाची पूड पाण्यात कालवायची आणि चार दिवसांत दहिवरानं रंग धुऊन जायचा. औंदा तिनं डोकं चालवलं, करडईच्या तेलात कालवला. रंग बसला खरा, पण दोन दिवस वाळेना. आणि परटांची खोड अशी की सकाळच्या गारठ्यात मेंढराच्या पाठीवर चढायचं आणि उबेला पोट टेकायचं. सात जण माखले. साळूबाईला सातही ठाऊक होते. घरात सांगायचं राहून गेलं, कारण सून माहेरी होती आणि लेकाला मेंढरातलं काय कळतं.

वर्षानुवर्षं बघितलेली लाल पाठ. घरच्या माणसाच्या कपाळावरच्या कुंकवाकडं कोण निरखून बघतं? इंद्रायणी तशीच गोरक्षनाथच्या मोटारसायकलवर बसून दुकानात गेली आणि न कापलेला फोटो उघडला. पाखरू होतं, आणि त्याच्या उजव्या अंगाला आख्खी मेंढी उभी होती, पाठीवर लाल पट्टा. मागं दुसरी. त्या दुसरीच्या पाठीवर आणखी एक परीट, ऐसपैस बसलेला. सगळं फोटोत होतं. तिनंच कापून टाकलं होतं.

गोरक्षनाथ हळूच म्हणाला की आपण कशाला सांगायचं. ते येतील, बघतील, लिहून घेतील, चहा पिऊन जातील. पाखरू तर खरंच हाय ना? त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नव्हतं. चार दिवस घरात जे गाणं होतं ते त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

तिनं सरांना तीनदा फोन लावला. सर कुठल्या कार्यक्रमात होते, वाजंत्र्यात फोन कोणाला ऐकू येतो. गटावर लिहायला घेतलं, अर्धं लिहिलं, आणि डोळ्यांपुढं ती हसऱ्या तोंडांची रांग आली. पुसून टाकलं. बाहेर हायवेवरून ट्रक गेले, एक, दोन, पाच. मग ती नवऱ्याला म्हणाली, हाच फोटो मोठा काढा, कापू नका.

"कडंला मेंढी येतीय," तो म्हणाला.

"येऊ द्या."

घरी आली तर साळूबाई कोकरांना पाला घालत ओवी म्हणत होती. सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं.

धुतलं अंग त्याचं, डाग लागला पोटाला
माझ्या मेंढराचा रंग, नको सांगू कोणाला

"मी सांगणार हाय, आत्या," इंद्रायणी म्हणाली.

"मला का ठावं न्हाई?" साळूबाई म्हणाली, आणि पाल्याची एक फांदी तिच्या हातात दिली.

रविवारी साडेसहाला जीप आली. सर, आदिनाथ आणि आणखी तिघं, सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. सरांनी नवा सदरा घातला होता. चहा उतू जात होता तरी इंद्रायणी आधी बाहेर आली आणि तिनं तो मोठा फोटो सरांच्या हातात ठेवला.

"सर, नवं पाखरू न्हाई हे," ती म्हणाली. "आमच्या मेंढरांचा रंग लागलाय त्याला. मला कळलं न्हाई, कारण मेंढरं मी फोटोतून कापून टाकत होते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. फोटोवरून बोट फिरवलं: पाखरू, मेंढी, पट्टा, मागची मेंढी, तिच्यावरचं पाखरू. त्यांचं तोंड उतरलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. दोन दिवसांपूर्वी त्यांनी पुण्याच्या एका मित्राला फोन करून फुशारकी मारली होती, हेही त्यांनी तिथंच सांगून टाकलं. मग पिशवीतून सूचीचे कागद काढले, पेन्सिलीनं लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, ही नोंद बाद. इंद्रायणी म्हणाली, व्हय सर. रेघ सरळ मारली होती, पट्टी लावल्यासारखी.

आदिनाथला राहवलं नाही. म्हणाला, ताई, आता त्या कानाचं तरी खरं सांगा. सगळे हसले, इंद्रायणीसकट. ह्या वेळी ते बोचलं नाही. सगळं उघडं झाल्यावर बोचायला राहतं काय?

साळूबाई काठी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, पाखरं बघायला आलात ना, मंग चला, मेंढरं खोळंबलीत. पाव्हणे एकमेकांकडं बघू लागले, पण तोवर ती निघालीसुद्धा होती. कपबशा तिथंच ओट्यावर ठेवून पाचही जण मागं निघाले.

पडकावर मेंढरं पांगली. थोड्या वेळानं उगवतीकडून परीट आले, एकेक, दोनदोन, हवेत खालीवर हेलकावे घेत, चिझिक चिझिक करत. चौदा झाले. त्यातले सहा तांबडे. सर पुटपुटत मोजत होते. साळूबाईनं न मोजता सांगितलं, एक यायचा हाय, त्यो रोजच उशिरा येतो. आणि बोलेपर्यंत तो आला.

"हेच सात रोज येतात?" सरांनी विचारलं. "कशावरून?"

"डाग बघा की," साळूबाई म्हणाली. "ह्याचा नुसता गळा माखलाय. ह्याचं अर्धं पोट आन् एक पाय. ती पाठमोरी हाय ना, तिला बुडाखाली हाय. जो जसा बसला, तसा त्याला डाग. आधी मला बी एक परीट आन् दुसरा परीट सारखाच व्हता. औंदा वळखू यायले."

सर जे उभे होते ते खाली गवतात बसले, दहिवरात, नव्या सदऱ्यानिशी. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, पण बघत होते इंद्रायणीकडं. एक धोबी दुसऱ्यासारखाच दिसतो. रोज येतो तो तोच का, हे कळायला पाखरं जाळ्यात धरून पायात कडी घालावी लागते. आणि इथं एकाही पाखराला हात न लावता सात पाखरांना खुणा झाल्या होत्या. हे दिवसभर इथं असतात, मग संध्याकाळी जातात कुठं?

उगवतीला, साळूबाई म्हणाली. उसाकडं. पण कोणत्या उसाकडं ते तिला माहीत नव्हतं. त्या वेळेला मेंढरं कोंडायची असतात.

घसा खाकरून आदिनाथ म्हणाला की मंगळवारी संध्याकाळी घनसावंगीच्या रस्त्याला, इथून दहा-बारा किलोमीटरवर, एका उसाच्या फडात त्यानं धोब्यांचे थवेच्या थवे उतरताना बघितले होते. एका फोटोत एकाचं पोट लाल आलं होतं. कॅमेऱ्याचे रंग बिघडले असं समजून त्यानं तो पुसून टाकला.



"कापणारी एक, पुसणारा एक," साळूबाई म्हणाली. "बरा गट हाय तुमचा."

सरांनी सूचीचे कागद परत काढले. मागं निरीक्षणांची वेगळी पानं होती. ते म्हणाले, इंद्रायणी, ह्या सातातला एक जरी त्या उसात दिसला, फोटोत दिसला, तर ही नोंद होते. दिवसा मेंढरांमागं, मुक्कामाला उसात. ही गोष्ट खुणेनिशी सांगणारं आपल्या जिल्ह्यात अजून कोणी नाही. पण फोटो पाहिजे, नुसतं सांगणं नको. आणि सूची शुक्रवारी बंद होतीय.

सोमवारी तिला जमलं नाही, दुकानात परीक्षेच्या फॉर्मांची गर्दी होती. मंगळवारी ती एकटी गेली. फड सापडला, पाखरंही आली, पण उसाच्या शेंड्यांवर बसली की पात्यांत पोट बुडून जायचं. नुसत्या राख्या पाठी दिसत. बुधवारीही तेच. ती घरी येऊन कॅमेरा ठेवून देऊ लागली तेव्हा साळूबाई म्हणाली, उद्या मी येते. मग मेंढरांचं काय? गोरक्षनाथ हाय की, ती म्हणाली. गोरक्षनाथनं गुरुवारी दुपारनंतर दुकानाला कुलूप लावलं. त्या संध्याकाळी मेंढरांनी त्याचं काय केलं ते तो सविस्तर सांगत नाही. एवढंच म्हणतो, की अडतीसच्या अडतीस घरी आली, पण वेगवेगळ्या वाटांनी.

सासू-सुना शेअर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेल्या आणि फडापाशी उतरल्या. साळूबाई एवढ्या लांब मेंढरांशिवाय बऱ्याच वर्षांत आली नव्हती. हात मोकळे असल्यामुळं ती ते सारखे पदराला पुसत होती. सूर्य कासराभर वर होता. मग पहिले दहा परीट आले. मग पन्नास. मग मावळतीकडून, तलावांकडून, गावागावांकडून येतच राहिले, कोणी सुपातनं धान्य उधळावं तसे, आणि चिझिक चिझिक असा गलका उठला की उसाची पाती सळसळतात की पाखरं बोलतात, कळेना. साळूबाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"एवढी लेकरं," ती म्हणाली. "आन् मी आपली पंधराच धरून बसले व्हते."

इंद्रायणी शेंड्यांवर लेन्स रोखून होती, आणि आजही नुसत्या पाठी. साळूबाईनं थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. मग ती बांधावर गेली, पदर डोक्याखाली घेतला आणि उताणी आडवी झाली.

"वरनं काय बघती?" ती म्हणाली. "पोट खाली असतंय. इथं ये."

येणारा-जाणारा ट्रॅक्टरवाला बघत गेला. दोघी बांधावर शेजारीशेजारी उताण्या पडल्या, वर आभाळ, आभाळातून पाखरं. आणि इंद्रायणीनं लेन्स डोळ्यापासून काढून परत लावली. सगळीच पोटं तांबडी होती. मावळतीचं ऊन खालून येत होतं आणि हजारो पांढरी पोटं एकसारखी रंगली होती, जसा काही आभाळानंच पाडवा केला होता. ह्यातला आपला कोणता? ऊन जायची वाट बघावी तर उजेडही त्याच्यासंगंच जाणार होता.

त्यांनी वाट बघितली. सूर्य टेकला, बुडाला. एकेक करून पोटं पांढरी झाली, मग राखी. पाखरं कमी होऊ लागली. इंद्रायणीचं बोट बटणावर ताठ झालं होतं. साळूबाई एकदा म्हणाली, न्हाई. परत म्हणाली, न्हाई. मग कितीतरी वेळ काही म्हणालीच नाही.

"त्यो," ती म्हणाली. "अर्धं पोट आन् एक पाय. उशिराचा हाय त्यो, इथं बी उशिराच."

कॅमेरा तीनदा वाजला. पहिल्या फोटोत नुसतं आभाळ होतं. दुसऱ्यात शेपटी. तिसऱ्यात पाखरू होतं, हललेलं, धुरकट, कडेला सरकलेलं. पण अर्धं पोट पांढरं आणि अर्धं काळपट तांबडं, आणि त्या दोहोंमधली रेघ अशी स्पष्ट की बोटानं दाखवावी. खाली उसाचे शेंडेही आले होते.

दोघी उठल्या तेव्हा पाठीला माती लागली होती आणि आधी कोण कोणाची झटकणार ह्यावरून हसू सुटलं. हसता हसता इंद्रायणीला रडूही आलं. साळूबाईनं ते बघितलं. सुनेची पाठ जरा जास्तच वेळ झटकत राहिली.

परतीच्या जीपमध्ये रेंज आली तसा फोटो सरांना गेला. सोबत तिनं सगळं खरं लिहिलं: किती वाजता, उजेड किती, तीनातला हा एकच फोटो आला. उत्तर येईपर्यंत वडीगोद्रीचे दिवे दिसू लागले. तिनं ते मनात वाचलं आणि मग सासूला वाचून दाखवलं. "फोटो वाईट आहे. नोंद चांगली आहे. दोघींची पूर्ण नावं कळवा, उद्या छपाईला देतो."

"माझं कशाला?" साळूबाई म्हणाली. "मी काय केलं? रंग तर सांडला नुसता."

"मंग मी बी नुसतं बटण दाबलं," इंद्रायणी म्हणाली, आणि सासूचं नाव वर लिहिलं, आपलं खाली.

समोरच्या बाकावर भाजीची रिकामी टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती, बाजार करून परतणारी. तिनं दोघींच्या केसांतली उसाची पाती बघितली आणि न राहवून विचारलं, कुठं गेल्त्या गं मायलेकी?

"पाव्हण्यांकडं गेल्तो," साळूबाई म्हणाली. "दिवसभर आमच्याकडं असतात, निजायला उसात जातात. बघून आलो, नीट जागा मिळती का न्हाई त्यांना."

म्हातारीनं त्यावर जरा विचार केला. "मिळाली का मंग?"

"मिळाली. पण लई दाटी हाय," साळूबाई म्हणाली, आणि त्या दाटीत अंग आवरत सुनेच्या कॅमेऱ्याला मांडीवर जागा करून दिली.